कॅथरीनच्या बारचं खरं नाव

'डेथ इन पॅरडाइज' ही ब्रिटिश रहस्यमालिका पाहणाऱ्यांना तिच्यातलं होनोरे हे काल्पनिक गाव पाठ असतं. बंदरावरचा कॅथरीनचा बार, व्हरांड्याचं पोलिस स्टेशन, समुद्राला खेटून असलेलं इन्स्पेक्टरचं लाकडी घर. 2011 च्या ऑक्टोबरात बीबीसीवर ही मालिका सुरू झाली आणि अजून चालू आहे. आमच्याकडे तिची खरी जाणकार म्हणजे आत्या. तिची सगळी नोकरी सत्र न्यायालयात गेली, स्टेनो म्हणून. आयुष्यभर जबान्या टिपल्यामुळे माणूस कुठे अडखळतो, कुठे नको तितकं सांगतो, हे तिला ऐकताक्षणी कळतं. मालिकेतला इन्स्पेक्टर सगळ्या संशयितांना एका खोलीत गोळा करतो, त्याच्या कितीतरी आधी आत्याने आरोपी ठरवलेला असतो. निवृत्तीनंतर एकदा कुठेतरी लांब जाऊ या असं मी म्हटलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, "होनोरेला जाऊ. ते ज्या गावात शूट करतात तिथे."

ते गाव म्हणजे देए. ग्वादलूप नावाच्या फ्रेंच बेटावर, पश्चिमेच्या अंगाला. (नकाशावर फ्रेंच स्पेलिंग लांबलचक आहे, मधली अक्षरं उच्चारत नाहीत. वाट विचारताना 'देए' म्हणावं.) होनोरे ज्यावर आहे ते मालिकेतलं सेंट मारी हे ब्रिटिश बेट पूर्णपणे कल्पनेतलं, पण ते जिथे उभं केलं जातं ती जमीन फ्रान्सची. 1946 पासून ग्वादलूप हा फ्रान्सचा रीतसर प्रांत आहे, पॅरिसच्या संसदेत त्याचे खासदार बसतात, व्यवहार युरोत चालतो. कॅरिबियन समुद्रात असूनही तुम्ही युरोपीय संघात असता.

या मालिकेची कल्पना कशी सुचली हे क्रिकेट पाहणाऱ्या कोणालाही ऐकायला आवडेल. 2007 चा विश्वचषक आठवतोय? आपण पहिल्याच फेरीत घरी परतलो तो. त्याच स्पर्धेत आयर्लंडकडून हरल्यावर दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर जमैकातल्या हॉटेलात बेशुद्ध सापडले आणि नंतर मृत घोषित झाले. आधी खुनाचा संशय होता, मग पोलिसांनीच मृत्यू नैसर्गिक असल्याचं जाहीर केलं. त्या तपासाच्या बातम्यांमध्ये जमैका पोलिसांतला एक मूळचा स्कॉटलंड यार्डचा अधिकारी सतत दिसत होता. कॅरिबियन उन्हात तपास करणारा इंग्रज पोलिस, एवढ्या एका चित्रावरून रॉबर्ट थॉरोगूड यांनी मालिका रचली. म्हणूनच पहिला इन्स्पेक्टर रिचर्ड पूल रणरणत्या उन्हातही लोकरी सूट आणि टाय सोडत नाही. बेन मिलरने तो असा केलाय की आत्याच्या मते पुढचे चारही त्याच्यानंतरचे. मला स्वतःला राल्फ लिटलचा नेव्हिल पार्कर सगळ्यात जवळचा वाटतो. घाबरट, ॲलर्जीने बेजार, आणि तरी प्रत्येक भागात थोडा थोडा बेटाचा होत जाणारा. यावरून आमचा विमानातही वाद झाला.

पॅरिसहून तिथल्या प्वाँत-आ-पीत्र शहराला विमान आठ तासांहून जास्त घेतं. ग्वादलूपचा आकार फुलपाखराचा. पूर्वेचा पंख ग्रांद-तेर, चुनखडीचा, सपाट, उसाचा. पश्चिमेचा बास-तेर, ज्वालामुखीचा, डोंगराळ, दाट जंगलाचा. मध्ये एक अरुंद खाडी आणि तिच्यावरचे पूल. नावं ऐकून फसायला होतं, कारण 'बास' म्हणजे खालची म्हणवणारी बाजूच उंच आहे. तिथल्या ला सूफ्रिएर ज्वालामुखीची उंची 1467 मीटर. मालिकेत पार्श्वभूमीला दिसणारा हिरवा रंग सगळा या पश्चिम पंखाचा.

भाड्याच्या गाडीने निघालं की तासाभरात देए येतं. सांत-रोझ मागे पडलं की रस्ता वळणावळणाचा होतो आणि डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. गावाच्या आधीच ला पेर्लचा किनारा लागतो. इन्स्पेक्टरचं घर इथलं. आम्ही गेलो तो चित्रीकरणाचा मोसम होता, म्हणून घर जागेवर होतं. ते कायमचं बांधकाम नाही, शूटिंगसाठी सेटवाले उभारतात. पडद्यावर ते घर इतकं एकटं दिसतं की मैलभर माणूस नसावा. प्रत्यक्षात बाजूला गाड्या लावायला जागा आहे, झाडांखाली जेवणाचे डबे उघडून बसलेली कुटुंबं आहेत, पोरं लाटांवर उड्या मारताहेत. आत्या वाळूत उभी राहून एक डोळा मिटून हाताची चौकट करून बघत होती. "हे बघ, कॅमेरा इथे. असा. म्हणजे ते नारळ येतात आणि ती माणसं नाहीत." मग मीही तसंच बघितलं, आणि खरोखर, तेवढ्या चौकटीत रिचर्ड पूलचं घर तंतोतंत बसलं.

घरातला हॅरी नावाचा हिरवा सरडा संगणकावर बनवलेला आहे. पण ला पेर्लच्या झाडांवर खरेखुरे सरडे खूप दिसतात. हिरवे, अंगावर निळसर झाक. ही जात मूळची ग्वादलूपचीच. नर गळ्याखालची पिवळी पिशवी पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो, त्या एका सरड्यासमोर आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

किनाऱ्यावर एक गोष्ट मात्र माहीत असायलाच हवी. काही झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाचा पट्टा मारलेला असतो. ही मांसनियेची झाडं. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, वास गोड, पण फळ विषारी आणि चीक कातडी भाजून काढणारा. पावसात या झाडाखाली उभं राहिलं तरी पानांवरून ओघळणाऱ्या पाण्याने अंगाला फोड येतात. आडोसा घ्यायला सगळ्यात सोयीचं झाड नेमकं तेच. आत्याने फलक दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "पोस्टमॉर्टेममध्ये हे सापडेल का गं?" तिचं डोकं असंच चालतं.

पुढे ग्रांद आन्स. सोनेरी वाळूचा लांबच लांब किनारा, मागे नारळ. तिथे बायका लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ घालून, मध्ये डबा फिरवून नारळाचं सॉर्बे बनवतात. दालचिनी आणि लिंबाच्या सालीचा वास असलेलं. ते खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि मग वळणावरून देए खाली दिसतं. दोन डोंगरांच्या कुशीत शांत खाडी, तीत नांगरलेल्या शिडाच्या होड्या, लाल आणि करड्या पत्र्यांची छपरं, चर्चचा मनोरा. मालिकेच्या सुरुवातीला कितीदा पाहिलेलं! गाव आहे चार हजार वस्तीचं. मुख्य रस्ता एकच, समुद्राला समांतर.

पोलिस स्टेशन चर्चला लागूनच आहे, कारण ती इमारत चर्चचीच. पाद्रीबाबांचा वाडा म्हणता येईल. दर वर्षी मालिकेची मंडळी ती घेतात, वर होनोरे पोलिसांची पाटी चढते, आणि एरवी जिथे गावातल्या लोकांची चर्चच्या कामासाठी ये-जा असते तिथे फळ्यावर संशयितांचे फोटो लागतात. पायऱ्या, व्हरांडा, लाकडी झडपा, सगळं तसंच. आत्या पहिल्या पायरीपाशी थांबली. "ड्वेन इथेच बसायचा," ती म्हणाली, मालिकेतल्या जुन्या पोलिसाबद्दल. मग बराच वेळ काही बोलली नाही. ती अशी गप्प होते तेव्हा तिला काहीतरी मनापासून भावलेलं असतं. तिच्या कोर्टातही असाच व्हरांडा होता. असंच लाकूड, अशाच झडपा, साक्षीदार बाहेर बाकावर बसलेले. मालिका तिला एवढी का आवडते, याचा थोडा उलगडा मला त्या पायरीपाशी झाला. त्या ऑफिसात चार माणसं आहेत, यंत्रं जुनी, साधनं अपुरी, आणि तरी प्रत्येक जण आपलं काम मन लावून करतो. फिदेल, कमिल, फ्लोरेन्स, जेपी, सगळे. तिने अशी माणसं पाहिली आहेत, त्यांच्यासोबत डबा खाल्लाय.

त्या सकाळी गल्लीत शूटिंग चालू होतं. फार मोठा प्रसंग नव्हता. सेंट मारी पोलिसांची अक्षरं रंगवलेली जीप कोपऱ्यावरून येते, थांबते, माणूस उतरतो. इतकंच. पण ते पुन्हा पुन्हा झालं, कारण मध्येच ढग आला, मग चर्चची घंटा वाजली, मग एक कुत्रा जीपच्या पुढ्यात येऊन आडवा झाला. युनिटची एक मुलगी वॉकीटॉकी घेऊन रस्ता अडवायची आणि प्रत्येक टेकनंतर थांबलेल्या गावकऱ्यांचे आभार मानून सोडायची. पाव घेऊन निघालेल्या आजी, शाळेची दप्तरं, एक मासळीवाला हातात बादली घेऊन. कोणीही कुरकुर केली नाही. त्यातल्या काहींनी पुढे चौकशी केल्यावर सांगितलं की त्यांनीही कधी ना कधी गर्दीत काम केलंय, बाजाराच्या किंवा मिरवणुकीच्या प्रसंगात. पडद्यावर होनोरेत जो माणसांचा वावर वाटतो, तो पुष्कळसा यांचाच.

गंमत अशी की कॅमेरा जे लपवतो तेच तिथे उभं राहून जास्त दिसतं. टपालाची पेटी पिवळी, फ्रेंच. गाड्यांच्या पाटीवर उजवीकडे 971, ग्वादलूपचा क्रमांक. दुकानदार एकमेकांशी क्रिओल या स्थानिक बोलीत बोलतात, आमच्याशी फ्रेंचमध्ये. खेड्यांतला पोलिसी कारभार इथे जाँदार्मरीकडे, म्हणजे फ्रान्सच्या लष्करी पोलिसांकडे असतो, खाकी चड्डीतल्या इंग्रजी हवालदाराकडे नाही. तरीही हा ब्रिटिश मुखवटा निव्वळ खोटा म्हणता येणार नाही. कथेत सेंट मारी फ्रेंच आणि इंग्रज यांच्या हातांतून फिरत राहिलेलं आहे, आणि ग्वादलूपचंही तसंच झालं. 1759 मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं. 1763 च्या पॅरिस तहात फ्रान्सने ते परत मिळवलं आणि कॅनडावर पाणी सोडलं. अख्ख्या कॅनडापेक्षा साखरेचं हे बेट मोलाचं ठरलं. प्वाँत-आ-पीत्र शहराची सुरुवातही त्या चार वर्षांच्या इंग्रजी अंमलातली. पुढे नेपोलियनच्या काळात इंग्रज पुन्हा येऊन गेले.

आता कॅथरीनचा बार. बहुतेक भागांचा शेवट तिथे होतो, मागच्या डेकवर, हातात बाटल्या. ते रेस्तराँ खरं आहे, बंदराकाठी आहे, आणि त्याचं खरं नाव 'ल मद्रास'. शूटिंगच्या दिवसांत कॅथरीनची पाटी लागते, पण हॉटेल गावचंच. आत्या पाटीकडे बघून मला म्हणाली, "मद्रास? आपलं मद्रास?"

आपलंच. चेन्नईच्या परिसरात विणलेलं चौकड्यांचं सुती कापड अठराव्या शतकापासून व्यापारी जहाजांतून या बेटांवर येत होतं, आणि आज ते इथल्या पोशाखाची ओळख आहे. लाल, पिवळ्या, केशरी चौकडीचा घागरा, डोक्याला त्याच कापडाची बांधणी. परंपरा अशी की बांधणीची किती टोकं वर काढली यावरून बाईच्या मनाची खबर लागते. एक टोक म्हणजे मन मोकळं, दोन म्हणजे कुणाला दिलेलं, तीन म्हणजे लग्न झालेलं. मालिकेत सणाच्या प्रसंगात हे कापड कितीदा तरी दिसलं होतं, आम्ही त्याकडे कॅरिबियन रंग म्हणून बघत होतो.

तिथे आम्ही जेवलो. आत्याने कोंबडीचा कोलोंबो मागवला, कारण शेजारच्या टेबलावरून वास आला होता. पहिल्या घासाला तिने डोळे मिटले. "हळद. धणे. जिरं. मेथी आहे बघ, मोहरीपण." सगळं बरोबर. कोलोंबो हा ग्वादलूपचा घरोघरचा मसाला, आणि तो इथे आणला तो भारतातून आलेल्या मजुरांनी.

ती गोष्ट मालिकेत कुठे येत नाही, आणि मला ती सांगायची आहे. 1848 मध्ये इथली गुलामगिरी कायमची संपली. (कायमची म्हणायचं कारण, 1794 मध्ये ती एकदा रद्द झाली होती, आणि 1802 मध्ये नेपोलियनने परत लादली. तेव्हा बंडाचा म्होरक्या लुई देलग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी शरण जाण्याऐवजी मातूबाला स्वतःला दारूगोळ्यासह उडवून घेतलं.) मोकळी झालेली माणसं मळ्यांवर त्याच हलाखीत राबायला तयार नव्हती, मळेवाल्यांना हात हवे होते. मग भारतातून करारावर मजूर आणले. पहिलं जहाज 'ऑरेली', पाँडिचेरीच्या बाजूने निघून 1854 च्या नाताळच्या आदल्या दिवशी प्वाँत-आ-पीत्रला लागलं. 1889 पर्यंत बेचाळीस हजारांच्या वर माणसं आली, बहुतेक तमिळ मुलखातली. कितीतरी जण करार संपण्याआधीच वारले. परतीचा प्रवास फार थोड्यांना मिळाला. जे राहिले त्यांच्या मुलांना, इथेच जन्मूनही, मताचा हक्क नव्हता. कापेस्तेर गावचे आंरी सिदांबारोम, जन्म 1863 चा, यांनी 1904 मध्ये त्यासाठी सरकारशी झगडा सुरू केला आणि 1923 मध्ये तो जिंकला. एकोणीस वर्षं!

हे सगळं मला आधी तुटक तुटक माहीत होतं. पण आत्या ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मग उद्या त्या बाजूला जाऊ. मालिकेची ठिकाणं झाली आपली." झाली नव्हती खरं तर, वनस्पती उद्यान राहिलं होतं, पण ती ठाम होती.

कापेस्तेर-बेल-ओ दुसऱ्या टोकाला, बास-तेरच्या पूर्व किनाऱ्यावर. आम्ही मधल्या डोंगरातून जाणारा रस्ता घेतला. दोन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, झाडांइतके उंच नेचे, आणि पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, कळतही नव्हतं. वाटेत एक छोटा धबधबा आहे, रस्त्यापासून चालत काही मिनिटांवर, तिथे गर्दी असते. खाली उतरलं की केळीच्या बागा. आणि त्या बागांमध्ये, हमरस्त्याला लागूनच, शांजीचं देऊळ. रंगीत गोपुरावरच्या मूर्ती लांबूनच दिसतात. देवी मरिअम्मन, इथे तिला मालियेमेन म्हणतात. आत्याने चपला काढल्या. सभामंडपात एक वयस्कर बाई फुलं वेचत होत्या, त्यांना तमिळ येत नव्हतं, आम्हालाही नाही. माझं फ्रेंच तोडकं. तरी आत्याने कपाळाकडे बोट दाखवल्यावर त्यांनी तिला कुंकू लावलं, आणि बोटाने गोपुरावरची एकेक मूर्ती दाखवत नावं सांगितली. गणपती आम्ही तिघींनी एकदमच म्हटला.

कुठल्याही चित्रीकरणस्थळाने मला इतकं हलवलं नाही. मालिका नसती तर मात्र मी ग्वादलूपला कधीच आले नसते, हेही तितकंच खरं. मला या मालिकेबद्दल वाटणारं प्रेम त्यामुळे वाढलं. काही जण म्हणतात, एका खऱ्या बेटावर खोटं बेट चढवणं हा त्या बेटावर अन्याय आहे. मला ते पटत नाही. शंभराहून जास्त भाग झाले (शंभरावा 2024 च्या फेब्रुवारीत), दर वर्षी महिनोन्महिने एवढं मोठं युनिट या चिमुकल्या गावात राहतं, जेवतं, गावच्या सुतारांना, आचाऱ्यांना, गाडीवाल्यांना काम देतं. अन्याय झालाच तर आपल्याकडून होतो, पायरीवर फोटो काढून परत फिरलो तर.

परतताना देएचं वनस्पती उद्यानही केलं. फ्रेंच विनोदी नट कोलुश यांची ही जागा, त्यांच्या निधनानंतर, 2001 मध्ये तिथे बाग उघडली. लोरिकीट पोपट हातावर येऊन बसतात, फ्लेमिंगो आहेत, आणि मोठ्या वडाखाली सावली आहे. दोन-तीन तास ठेवावेत.

जाणार असाल तर काही गोष्टी. ग्वादलूप शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनी फ्रान्सच्या व्हिसाचा अर्ज करतानाच या प्रांताला जायचं आहे असं लिहावं. पॅरिसचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. गाडी हवीच, आणि ती रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. दुपारी गाव झोपतं, दुकानं बंद होतात, तेव्हा देए सकाळी बघा, मासळी उतरते तेव्हा. कोणाशीही बोलताना आधी 'बोंजूर', मग प्रश्न. ते न म्हणणं उद्धट समजतात. शूटिंग बघायचं तर साधारण मे ते सप्टेंबर, पण वादळांचा जोर ऑगस्टनंतर वाढतो, म्हणून मे-जून बरा. कोरडी, निवांत हवा डिसेंबर ते एप्रिल. तेव्हा ला पेर्लवर लाकडी घर नसेल, पण सरडे आहेत. कापेस्तेरचं देऊळ उघडं असताना गाठायचं तर सकाळी लवकर निघा, देएहून रस्ता डोंगरातला आहे.